पाणी न मारायची गच्ची

नेदरलँड्सला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी ट्यूलिपच्या बागा विचारतात, मग पवनचक्क्या, आणि मग आवाज जरा खाली आणून आम्स्टरडॅमच्या त्या गल्ल्या. यातलं मी काहीही पाहिलेलं नाही. तीन आठवड्यांत मी तिथे एक गच्ची पाहिली. चारी कोपऱ्यांनी पाहिली आणि तिचं नुकसानही करून आलो. ज्यांना ट्यूलिपविषयी वाचायचं आहे त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

मी पुण्यात गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग करतो. तीस वर्षं झाली. विटांचे तुकडे, सिमेंट, वरून कोबा आणि त्यावर दोरीने मारलेले चौकोन, असं आमचं काम. माझ्या लेटरहेडवर 'दहा वर्षांची गॅरंटी' असं लाल अक्षरांत छापलेलं आहे. जून ते सप्टेंबर माझा फोन बहुधा लागत नाही.

माझी एकुलती एक मुलगी केतकी. पुण्यात सिव्हिल केलं, पुढचं डेल्फ्टला शिकली आणि आता तिथल्याच एका छतांची कामं करणाऱ्या कंपनीत साइट इंजिनिअर आहे. म्हणजे बापाचाच धंदा, फक्त हेल्मेट घालून. तिचा करार एका वर्षाचा होता आणि तो संपायला दीड महिना उरला होता. आम्स्टरडॅमच्या स्लोटरडाइक भागातल्या एका जुन्या ऑफिस इमारतीचं छत तिने पहिल्यांदाच एकटीने सांभाळायला घेतलं होतं. त्या छतावरून तिला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. कायम नाही झाली, तर व्हिसाच्या नियमाने तीन महिन्यांत दुसरी नोकरी शोधायची, नाहीतर सामान बांधून पुण्याला यायचं. हे तिने मला विमानतळावरच सांगितलं. वर म्हणाली, "म्हणून बाबा, साइटवर आलास तर फक्त बघायचं."

"मी काय करणार आहे?" मी म्हणालो.

कापेल आन डेन आयसेल

केतकी रॉटरडॅमजवळच्या या गावात राहते. घर छोटं, जिना शिडीसारखा उभा. समोर एक बांध आणि बांधापलीकडे नदी. पहिल्या सकाळी मी बांधावर चढलो आणि माझ्या लक्षात आलं की नदीचं पाणी वर आहे आणि माझ्या मुलीची खिडकी खाली. घरी येऊन तिला म्हटलं, अगं, तू पाण्याच्या खाली झोपतेस. ती म्हणाली, "हो, इथे सगळेच झोपतात," आणि टोस्टला लोणी लावायला लागली. कात्रजच्या नाल्याला पूर आला की आम्ही चौथ्या मजल्यावर राहून रात्रभर जागतो.

शेजारी एक आजी राहतात. मी लाडूंचा डबा घेऊन त्यांचं दार वाजवलं. त्या हसल्या, आभार मानले, डबा घेतला, आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघून मला पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी साडेदहाला चहाला बोलावलं. मला वाटलं काही काम असेल म्हातारीला. नंतर कळलं की सगळा देश असाच चालतो. केतकीच्या कॅलेंडरमध्ये 'बाबा, गप्पा' असंही मी पाहिलं, सात ते साडेआठ. पहिल्यांदा हसू आलं, मग जरा वाईट वाटलं, मग मी पावणेसातलाच तयार होऊन बसायला लागलो.

स्लोटरडाइक, मंगळवार

स्टेशनच्या भोवती काचेच्या इमारतींची दाटी. त्यातल्याच एका सहा मजली, जरा वय झालेल्या इमारतीचं छत आमचं, म्हणजे केतकीचं. वर जायच्या आधी पाहुण्यांनी एक फिल्म बघायची आणि दहा प्रश्नांचा पेपर सोडवायचा. मी तीस वर्षं कठडा नसलेल्या स्लॅबवर स्लिपर घालून फिरलोय, पण बसलो. आठवा प्रश्न होता: सहकाऱ्याच्या हातून चूक होताना दिसली तर काय कराल? त्याला तोंडावर सांगाल, त्याच्या साहेबाला सांगाल, की आपलं काम करत राहाल? मी अर्थातच तिसऱ्यावर खूण केली. आपल्याकडे याला सभ्यता म्हणतात. संगणकाने मला नापास केलं आणि फिल्म पहिल्यापासून दाखवली.

दुसऱ्या प्रयत्नात पास होऊन वर गेलो. केतकीचा साहेब मार्टेन शिडीशीच उभा होता. हा माणूस इतका उंच की त्याच्याशी बोलताना मला पाण्याची टाकी तपासायला आल्यासारखं वाटायचं. तो मला थेट 'विनायक' म्हणाला. मला विनायक म्हणणारी शेवटची व्यक्ती माझी आत्या होती.

छत पत्र्याचं, सपाट आणि जुनं. वर्षानुवर्षं त्यावर पाणी साचत होतं. मार्टेनने मला समजावलं, "पाणी साचलं की पत्रा वाकतो. वाकला की तिथे आणखी पाणी येतं. मग आणखी वाकतो. एक दिवस छत खालच्या माणसांच्या टेबलावर येतं." मी त्याला आमची पद्धत सांगितली. कोबा झाला की आउटलेटला बोळा कोंबायचा, चार इंच पाणी भरायचं, तीन दिवस ठेवायचं आणि खालच्या मजल्यावर डाग येतो का बघायचं. पाणी भरताना नारळसुद्धा फोडतो. मार्टेनने हे ऐकून पत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि शिडीचं दार नीट लागलंय का ते बघून आला.

अशा पत्र्यावर विटांचा कोबा घातला तर इमारत हात जोडेल. म्हणून हे लोक फेसाचं काँक्रीट घालतात. खाली रस्त्यावर हेंक नावाचा पंपवाला गाडी लावून उभा होता. सिमेंटच्या पातळ घोळात दाढीच्या साबणासारखा फेस मिसळायचा आणि पाइपने वर ढकलायचं. वर येताना ते धिरड्याच्या पिठासारखं येतं आणि तसंच पसरतं. गुडघ्याएवढे बूट घातलेली दोन माणसं त्यावर लांब पट्टी फिरवत मागे सरकतात, आणि केतकीने लेसरने लावलेल्या खुणांप्रमाणे आउटलेटकडे ढाळ पडत जातो. थंडी अडते, पाणी वाहून जातं, वजन जवळपास नाहीच. तीन वाजता सगळं संपलं. ना आरडाओरडा, ना मुकादम. मधल्या सुट्टीत कुणी तंबाखूही मळली नाही.

हेंकने मला जुन्या कामातला एक वाळलेला ठोकळा दिला आणि बादलीत टाकायला सांगितलं. टाकला, तर तो तरंगायला लागला. काँक्रीट पाण्यावर तरंगताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं आणि खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं मी लोकांच्या डोक्यावर दगड चढवत होतो. आणि ज्या मुलीला मी पातळी मोजायची लेव्हल ट्यूब कशी धरायची ते शिकवलं, ती तिथे उभी राहून दोन गोऱ्या दांडग्यांना डच भाषेत 'अजून दोन मिलिमीटर' सांगत होती. अभिमान वाटला. थोडा हेवाही वाटला, तोही लिहून टाकतो.

संध्याकाळी गाडीत तिला विचारलं, "पाणी कोण मारणार?"

ती फोनवर मेल लिहीत होती. "बाबा, सात वाजता बोलू," म्हणाली. सात वाजता मी विसरलो.

गुरुवार

आपल्याकडे ओल्या बाळंतिणीला जपतात तसं ताज्या काँक्रीटला जपतात. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ पाणी. पाणी मारायचं राहिलं म्हणून मी माणसं कामावरून काढलेली आहेत. गुरुवारी स्लोटरडाइकला लखलखीत ऊन पडलं होतं आणि असा वारा सुटला होता की उभं राहणं मुश्कील. दोन दिवसांचं काँक्रीट पांढरं पडत चाललं होतं. एका ठिकाणी मला केसाएवढी तडही दिसली. पाण्याचा पाइप तिथेच गुंडाळून ठेवलेला. हात लावायला कुणी तयार नाही.

साडेबारा वाजता सगळे खाली कंटेनरमध्ये जेवायला गेले. जेवण म्हणजे पाव. साडेसहा फुटी हेंक पावाला लोणी लावून त्यावर चॉकलेटचे बारीक दाणे पेरतो आणि गंभीर चेहऱ्याने खातो. लहान मुलांच्या वाढदिवसाचा खाऊ हा माणूस रोज दुपारी जेवतो. मी दोन घास खाल्ले, बाथरूमला जाऊन येतो म्हणालो, आणि वर गेलो.

नळ सोडला. कडेच्या फळ्यांवर उभा राहून, पाइपच्या तोंडाशी अंगठा धरून बारीक फवारा उडवला. काँक्रीट गटागटा पाणी प्यायला लागलं. मला तर ते सुस्कारे टाकतंय असंच वाटलं. दहा दिवस मी त्या देशात पाहुणा म्हणून वावरत होतो, दार कुठल्या बाजूला उघडतं तेही लोकांना विचारत होतो. त्या वीस मिनिटांत मी पुन्हा कामाचा माणूस झालो. मी गुणगुणतही होतो.

"बाबा!"

केतकी शिडीच्या दाराशी उभी होती. तिने जाऊन नळ बंद केला.

"अगं, उन्हाने तडकत होतं. कुणाचं लक्षच नाही."

"याला पाणी पाजायचं नसतं, बाबा. वाळवायचं असतं. यावर डांबराचा थर येतो. आत ओल राहिली की तो फुगतो, फोड येतात, आणि मग सगळं उखडायचं. आम्ही मीटर लावून ओल मोजतो. सोमवारी डांबरवाले येणार होते." तिचा आवाज शांत होता आणि त्याचीच मला भीती वाटली. "तू इथे चाळीस मिलिमीटर पाऊस पाडलायस."

मी पाइपच गुंडाळायला लागलो. काहीतरी करायचं म्हणून. तेवढ्यात तिची नजर पूर्वेच्या कोपऱ्याकडे गेली, माझीही गेली. बाकी सगळीकडचं पाणी शहाण्यासारखं आउटलेटकडे गेलं होतं. त्या कोपऱ्यात मात्र चटईएवढं तळं उभं होतं आणि हलत नव्हतं.

ती लेसर घेऊन गेली, दोन खुणा तपासल्या, पुन्हा तपासल्या. "ढाळ उलटा पडलाय," म्हणाली. "खुणा मीच लावल्या होत्या."

तीस वर्षांच्या अनुभवाने मला एका क्षणात सगळं दिसलं. मार्टेन येईल, तळं बघेल, दीड महिना, व्हिसा, सामान. मी भिंतीशी टेकवलेला झाडू घेतला आणि पाणी आउटलेटकडे ढकलायला लागलो. "ऊन आहे, वारा आहे. अर्ध्या तासात डागही दिसणार नाही. वरून डांबर येईल. कोण बघतंय? आणि बाकीच्या ओलीचं विचारलं तर पाऊस पडला म्हणायचं. या देशात त्याला कोण नाही म्हणणार?"

तिने फोन काढून माझ्यासमोर धरला. नकाशा होता, त्यावर स्लोटरडाइक होतं, आणि सकाळपासून दर पाच मिनिटांना शून्य असं लिहिलेलं होतं. जो देश न पडलेल्या पावसाचीही नोंद ठेवतो, तिथे माणसाने सबबी सांगायच्या तरी कशा?

मी झाडू थांबवला नाही.

"बाबा, लिमये काकांची गच्ची आठवते?" केतकी म्हणाली. "मी पाचवीत होते. पाणी सोडल्यावर टाकीजवळ असंच राहिलं होतं. कमिटी जिना चढत होती. तू झाडून काढलंस आणि मला म्हणालास, केतू, त्या ओल्या कोपऱ्यात उभी राहा आणि झाडू पाठीमागे धर."

मला आठवत होतं.

"मी उभी राहिले होते," ती म्हणाली. "लिमये काकूंनी विचारलं, का गं तिथे उन्हात? मी म्हटलं, मला ऊन आवडतं."

मी झाडू खाली ठेवला. तिने तळ्याचा फोटो काढला. शेजारी आपली मोजपट्टी ठेवून दुसरा काढला. आणि दोन्ही मार्टेनला पाठवले.

गुरुवार, दीड वाजता

कंटेनरमध्ये मार्टेन, हेंक, केतकी आणि मी. मी आरडाओरड्याची तयारी ठेवली होती. आपल्याकडे साहेब ओरडला की प्रकरण मिटतं. तो घसा मोकळा करतो, आपण मान खाली घालतो, चहा येतो. मार्टेन ओरडला नाही. त्याने एक फॉर्म उघडला.

"पाणी कुणी मारलं?"

"मी," मी म्हणालो.

"किती मिनिटं?"

"वीस."

"का?"

मी त्याला सगळं सांगितलं. पुण्याचं ऊन, कोबा, बाळंतीण, सगळं. केतकी इंग्रजीतून भर घालत होती. बाळंतिणीशी ती जरा अडखळली. हेंकने पाव खाली ठेवून ऐकलं. मार्टेनने फॉर्ममध्ये कारणाच्या रकान्यात काहीतरी टाइप केलं आणि "यामर," म्हणाला. म्हणजे वाईट झालं, बस. गाडी चुकली तरी ते लोक हाच शब्द वापरतात. चार शिव्या दिल्या असत्या तर मला रात्री झोप लागली असती. रकान्यात त्याने काय लिहिलं ते केतकीने नंतर सांगितलं: 'अभ्यागत, वडील.'

मग केतकीने कोपऱ्याचा फोटो टेबलावर ठेवला. "हे बाबांमुळे नाही. ढाळाच्या खुणा माझ्या होत्या. चूक माझी आहे."

तिथे बसून हे ऐकणं मला जड गेलं. मध्ये पडावंसं वाटलं. खुणा हलल्या असतील, पाइप लागला असेल, हेंकचा बूट लागला असेल, असं दहा प्रकारे मी तिला वाचवू शकलो असतो. मला तेवढं येतं. पण तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि ते बरंच झालं.

मार्टेन म्हणाला, कोपरा दुरुस्त करायचा, छत वाळू द्यायचं, मीटरचा आकडा हवा तेवढा खाली आला की डांबर, आणि करारावर त्यानंतर बोलू. माझं हेल्मेट त्याने सभ्यपणे परत मागितलं. उरलेले दिवस मी स्टेशनसमोरच्या बाकावर बसून सहा मजल्यांवरच्या कठड्याकडे बघत काढले. ऊन पडलं की आनंद व्हायचा आणि ढग आला की मी बाकावरून उठून उभा राहायचो. त्या देशात रोज दोन्ही सहा-सात वेळा होतं.

निघायच्या आदल्या दिवशी केतकीने पिठलं-भात केला. "तू पाणी मारलं नसतंस तर तो कोपरा पहिल्या हिवाळ्यात कळला असता," म्हणाली. "पण म्हणून पुन्हा मारू नकोस." मी हसलो, तीही हसली. कॅलेंडरमध्ये त्या गप्पांची नोंद नव्हती, तरी साडेदहा वाजेपर्यंत चालल्या.

पुणे

परत आलो तर लिमयेंच्या सोसायटीचं काम वाट बघत होतं. तीच गच्ची. माझा कोबा दहा वर्षांची गॅरंटी संपेपर्यंत कसाबसा टिकला आणि नंतर गळायला लागला. आता लिमये काका सेक्रेटरी आहेत आणि केस पूर्ण पांढरे. नवा कोबा घातला, पाणी मारलं. इथे मारायचंच असतं. चार इंच पाणी भरलं, तीन दिवसांनी सोडलं. टाकीजवळचा कोपरा ओला राहिला. छोटी चटई.

माझे जुने गवंडी रामभाऊ यांनी न सांगता माझ्या हातात झाडू दिला. जिन्यात पावलं वाजत होती. मी म्हटलं, रामभाऊ, हा खाली घेऊन जा. त्यांना वाटलं, मी आजारी आहे.

लिमये काका वर आले. मी कोपरा दाखवला. "इथला ढाळ चुकलाय. माझी चूक. फोडून परत करून देतो. आणि मागच्या वेळीही इथेच चुकला होता, मी पाणी झाडून काढलं होतं."

काकांनी वाकून कोपऱ्यातल्या पाण्याला बोट लावलं. मग म्हणाले, "विनायकराव, तब्येत ठीक आहे ना?" त्यांनी खाली जाऊन कमिटीला फोन केले. स्वतःहून चूक सांगणाऱ्या माणसाला काम द्यावं का, यावर रविवारी बैठक आहे.

मी टाकीच्या सावलीत बसलो होतो तेव्हा केतकीचा मेसेज आला. वरती मीटरचा फोटो, खाली दोन ओळी. 'गच्ची वाळली. मी कायम झाले.' मी ते रामभाऊंना मोठ्याने वाचून दाखवावं म्हणून वळलो, पण ते खाली होते. मग मी समोरच्या तळ्याचा फोटो काढून तिला पाठवला. दुसरं काय पाठवणार?

लगेच तिचा व्हिडिओ कॉल आला. पेढ्यांचं विचारलं नाही, अभिनंदन करू दिलं नाही.

"लिमये काकांची?"

"हो."

"त्यांनी पाहिलं?"

"पाहिलं. मी सांगितलं."

तिने फोन चेहऱ्याजवळ आणला. "झाडू कुठाय?"

"खाली, रामभाऊंकडे."

"आणि कोपऱ्यात कोण उभंय?"

मी उठलो, फोन हातात धरून हळूहळू गोल फिरलो आणि तिला सगळी गच्ची दाखवली. टाकी दिसली, कठडा दिसला, आणि उन्हात ओला चमकणारा तो कोपरा दिसला. तिथे कुणीही उभं नव्हतं.